बाविसाव्या वर्षी वाचलेली व्हर्जिनिया

इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलींना व्हर्जिनिया वूल्फ म्हणजे पेपरातला एक प्रश्न, एवढीच ओळख होती. बाईला लिहायचं तर स्वतःची खोली आणि स्वतःचे पैसे हवेत, असं सांगणारी लेखिका. नोट्सच्या शेवटी एक ओळ असायची, की तिला मानसिक आजार होता आणि त्यातच तिने आयुष्य संपवलं. त्या ओळीवर सर कधी थांबले नाहीत, आम्हीही थांबलो नाही. पुढे लग्न झालं, मुलं झाली, महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस बसायला लागले, आणि मग कधीतरी तिचं चरित्र सवडीने वाचलं. त्यात मला लेखिका नंतर दिसली. आधी दिसली ती एक मुलगी, आधी तेरा वर्षांची आणि मग बावीस वर्षांची. अशा मुली केंद्रात माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून आज तिच्याबद्दल लिहिते आहे.

व्हर्जिनियाचा जन्म २५ जानेवारी १८८२ चा, लंडनमधल्या हाइड पार्क गेट या गल्लीतल्या २२ नंबरच्या घरात. वडील लेस्ली स्टीफन मोठे विद्वान. इंग्लंडमधल्या नामवंतांचा जो प्रचंड चरित्रकोश निघाला, त्याचे ते पहिले संपादक. आई ज्युलिया आपल्या कोलकात्यात जन्मलेली, देखणी, शेजारीपाजारी कुणी आजारी पडलं की धावून जाणारी. दोघांचंही हे दुसरं लग्न. आईची आधीची तीन मुलं, जॉर्ज, स्टेला आणि जेराल्ड. वडिलांची आधीची एक मुलगी, लॉरा. आणि मग दोघांची मिळून चार, व्हनेसा, थोबी, व्हर्जिनिया आणि एड्रियन. आठ मुलं, नोकरचाकर, पुस्तकांनी भरलेल्या खोल्या, उन्हाळ्यात कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी मुक्काम. बाहेरून बघणाऱ्याने दृष्ट काढावी असं घर.

आतली गोष्ट वेगळी होती. लॉरा मनाने अधू होती, तिला पुढे कायमचं संस्थेत ठेवलं. एक हुशार चुलतभाऊ मनोविकाराने ग्रासला गेला आणि १८९२ मध्ये रुग्णालयातच वारला. म्हणजे घराण्यात आजार होता. आणि व्हर्जिनिया साधारण सहा वर्षांची असताना सावत्र भाऊ जेराल्डने तिच्याशी नको ते वर्तन केलं. पुढे ती वयात आल्यावर दुसरा सावत्र भाऊ जॉर्ज याने तेच केलं. हा जॉर्ज सगळ्या नातेवाइकांत गुणी आणि प्रेमळ म्हणून नावाजलेला! पोरक्या बहिणींना किती जपतो, म्हणून बायका त्याचं कौतुक करायच्या. मैत्रिणींनो, असे कौतुकाचे दादा आणि काका मी केंद्रात बसून बरेच ऐकले आहेत.

मुलांनी मिळून घरातल्या घरात एक हस्तलिखित साप्ताहिक चालवलं होतं. १८९१ साली सुरू झालं तेव्हा व्हर्जिनिया नऊ वर्षांची, आणि त्यातलं बरंचसं लिखाण तिचंच. आईला अंक आवडला की तिला दिवसभर आनंद. ५ मे १८९५ ला आई गेली. व्हर्जिनिया तेरा वर्षांची होती. साप्ताहिक बंद पडलं. वडील मोठमोठ्याने शोक करायचे, सगळं घर त्यांना सावरण्यात गुंतलं, आणि मुलांच्या दुःखाकडे बघायला कुणी उरलं नाही. त्याच उन्हाळ्यात ती पहिल्यांदा आजारी पडली. छातीत धडधड व्हायची, माणसं समोर आली की घाबरायची, कधी एकदम उत्तेजित तर कधी अगदी मिटलेली. डॉक्टरांनी अभ्यास बंद केला आणि मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं.

आईची जागा सावत्र बहीण स्टेलाने घेतली. तिचं १८९७ च्या एप्रिलमध्ये लग्न झालं आणि जुलैमध्ये ती वारली. मग घर व्हनेसाच्या गळ्यात आलं, जेमतेम अठरा वर्षांच्या पोरीच्या. दर आठवड्याला तिने वडिलांपुढे घरखर्चाची वही ठेवायची आणि त्यांनी आरडाओरडा करायचा. बाहेर त्यांच्याइतका सौजन्यशील माणूस नाही. भावांना केंब्रिजला पाठवलं. मुलींना शाळा नाहीच, व्हर्जिनियाला थोडे दिवस ग्रीक आणि इतिहासाचे वर्ग, बाकी वडिलांच्या कपाटातली पुस्तकं. ती मात्र तिने फडशा पाडल्यासारखी वाचली.

२२ फेब्रुवारी १९०४ ला वडील कर्करोगाने गेले. ज्यांचा राग येतो त्यांच्यावर प्रेमही असतं, आणि ती माणसं गेल्यावर दोन्हींचं ओझं आपल्यावर राहतं. मे महिन्यात व्हर्जिनिया पुन्हा आजारी पडली, या वेळी फार जोरात. तिला आवाज ऐकू यायला लागले. बाहेर झाडावरचे पक्षी ग्रीक भाषेत गाताहेत असं तिला वाटलं, असं तिनेच पुढे सांगितलं. ती जेवेना. आपण वाईट आहोत, सगळा दोष आपलाच, असं तिच्या मनाने घेतलं. व्हायोलेट डिकिन्सन नावाची एक मैत्रीण होती, वयाने सतरा वर्षांनी मोठी, सहा फुटांहून उंच, खळखळून हसणारी. तिने व्हर्जिनियाला आपल्या घरी नेलं. तिथे तीन नर्सेस होत्या. आणि तिथेच एक दिवस तिने खिडकीतून उडी घेतली. खिडकी जमिनीपासून फार उंच नव्हती, मोठी दुखापत झाली नाही. ती वाचली.

इथे मला थोडं थांबायचं आहे.

आपल्याकडे अशी गोष्ट घडली की पहिलं वाक्य कुठलं येतं, ते तुम्हालाही माहीत आहे. नाटकं करते. सगळ्यांचं लक्ष वेधायला करते. खरंच मरायचं असतं तर इतक्या खालून उडी मारली असती का! भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आया सांगतात की बाई, कोपऱ्यात बसून स्वतःलाच इजा करून घेते आणि विचारलं तर काही नाही म्हणते. कुणी देवऋषाकडे नेऊन आणलेलं असतं, कुणी मोबाईल काढून घेतलेला असतो, कुणी लग्नाचं बघायला लागलेलं असतं, म्हणजे एकदा सासरी गेली की ताळ्यावर येईल. एका शाळेने तर इतर मुली बिघडतील म्हणून एकीला घरीच बसवलं.

बहुतेक मुलांचं हे वागणं मोठेपणी थांबतं, ही खरी आणि दिलासा देणारी गोष्ट आहे. आतलं दुखणं सहन होत नाही आणि बोलताही येत नाही, तेव्हा ती शरीरावर राग काढतात. पण काही मुलांमध्ये ती पुढच्या मोठ्या आजाराची पहिली खूण असते. फिनलंडमध्ये १९८७ साली जन्मलेल्या मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या, तेव्हा असं दिसलं की स्वतःला इजा करून घेतल्यामुळे ज्यांना किशोरवयात रुग्णालयात आणावं लागलं, त्यांना अठ्ठावीस वर्षांपर्यंत भ्रम-भास होणारे आजार किंवा बायपोलर आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त होता. म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही. पण जखमेला पट्टी बांधून घरी पाठवायचं आणि विषय बंद करायचा, हे चालणार नाही. मुलीला सरळ विचारावं, शांतपणे, की तुला जगणं नकोसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं. आणि मनोविकारतज्ज्ञाला दाखवावं. जिल्हा रुग्णालयात सोय असते. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतसुद्धा बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला प्रचंड ताणाखाली होता असं मानून शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असं ठरवलं आहे. व्हर्जिनियाच्या इंग्लंडमध्ये मात्र तो गुन्हा होता, आणि थेट १९६१ पर्यंत राहिला.

तर व्हर्जिनिया वाचली, आणि नंतरही तिला माणसांनी सोडलं नाही. व्हायोलेटने उन्हाळाभर सांभाळलं. मग केंब्रिजच्या आत्याने ठेवून घेतलं, शांत, अविवाहित, देवभोळी बाई. (ही आत्या १९०९ मध्ये वारली तेव्हा तिने भाचीच्या नावे अडीच हजार पौंड ठेवले होते. स्वतःच्या पैशाबद्दल व्हर्जिनियाने जे लिहिलं ते हवेत लिहिलेलं नाही!) व्हायोलेटच्या ओळखीच्या एक बाई होत्या, पाद्री लोकांच्या एका साप्ताहिकाची महिला पुरवणी बघणाऱ्या. तिथे व्हर्जिनियाचं पहिलं लेखन छापून आलं, १९०४ च्याच डिसेंबरमध्ये. खिडकीतून उडी घेतलेल्या वर्षाच्या अखेरीस! महिला पुरवणीत लिहिणाऱ्या आम्हा बायकांना हे वाचून किती बरं वाटतं म्हणून सांगू.

आजार मात्र संपला नव्हता. १९०६ मध्ये लाडका भाऊ थोबी विषमज्वराने गेला. १९१० मध्ये तिला लंडनजवळच्या एका खासगी शुश्रूषागृहात ठेवलं. त्या काळी उपचार म्हणजे विश्रांती. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, दूध प्यायचं, वजन वाढवायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही, कुणाशी फार बोलायचं नाही. डॉक्टर सॅव्हेज त्यांच्या घराण्याचे जुने स्नेही, माणूस वाईट नव्हता. पण जिला शब्दांशिवाय करमत नाही तिच्या हातातून पुस्तक काढून घेणं, हे औषध की शिक्षा? तिने याचा हिशेब पुढे १९२५ साली ‘मिसेस डॅलोवे’ कादंबरीत चुकता केला. त्यात युद्धावरून आलेला एक मनोरुग्ण तरुण आहे आणि त्याचं काहीही न ऐकता विश्रांतीचा हुकूम सोडणारा एक बडा डॉक्टर आहे. जमल्यास वाचा.

१० ऑगस्ट १९१२ ला तिने लेनर्ड वूल्फशी लग्न केलं. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, तो सरकारी अधिकारी होता, नोकरी सोडून आला. ज्यू, पैशाने बेताचा. लग्नाला वर्ष झालं आणि सप्टेंबर १९१३ मध्ये तिने दुसऱ्यांदा जीव द्यायचा प्रयत्न केला. लेनर्डची औषधांची पेटी नेहमी कुलपात असायची. त्या दिवशी धावपळीत कुलूप लावायचं राहिलं. वरच्या मजल्यावर एक तरुण डॉक्टर राहायचा, तो आणि लेनर्ड गाडी पिटाळत लंडनच्या मोठ्या रुग्णालयातून सामान घेऊन आले, रात्रभर झगडले आणि तिला वाचवलं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी ही कुलपाची गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे गोळ्या फ्रिजवर आणि फवारणीची औषधं पडवीत पडलेली असतात. ती आधी कुलपात घाला, किल्ली आपल्या कमरेला. त्या एका घडीला हाताशी काही नसलं तर पुष्कळदा ती घडी टळते.

बरी होईपर्यंत तिला कुठे ठेवलं माहीत आहे? जॉर्जच्या बंगल्यावर. त्याच सावत्र भावाच्या. मोठं घर, बाग, नर्सेसना राहायला जागा, सगळ्यांना सोयीचं वाटलं. आणि तिची पहिली कादंबरी छापायला घेतली होती कुणी? जेराल्डने, त्याची प्रकाशनसंस्था होती. तिच्या मनाचं काय झालं असेल याची कल्पनाच करवत नाही. मुलगी एखाद्या नातेवाइकाच्या घरी जायला का कू करत असेल तर कारण विचारा, एवढंच मी म्हणेन. आपल्या या दोन भावांबद्दल व्हर्जिनिया चाळिशीच्या सुमारास जवळच्या मित्रमंडळींत बोलली, आणि १९३९ मध्ये आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा जेराल्डची गोष्ट कागदावर आली. तोपर्यंत दोघे भाऊ वारले होते. ते लिखाण छापून यायला १९७६ उजाडलं.

१९१५ मध्ये आणखी एक मोठा झटका आला. ती ओरडायची, नर्सेसच्या अंगावर जायची, लेनर्डचं तर तोंड बघायला तयार नव्हती. चार नर्सेस लागल्या. आता हिला वेड्यांच्या इस्पितळात टाका, असं कुणीही म्हटलं असतं. लेनर्डने ती इस्पितळं जाऊन पाहिली होती आणि तिथे ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने काय केलं, तर वही घातली. तिची झोप, जेवण, पाळी, डोकेदुखी, स्वभावातले चढउतार, रोज टिपायचं. काही काळ तर या नोंदी तो सिंहली आणि तमिळ अक्षरांच्या गुप्त लिपीत करायचा, म्हणजे कुणाच्या हाती लागल्या तरी कळू नयेत. त्यातून त्याला आजार येण्याआधीच्या खुणा समजायला लागल्या. डोकं दुखायला लागलं, झोप उडाली, बोलणं भरभर व्हायला लागलं, की पाहुणे बंद, लवकर झोप, दूध, जेवण वेळेवर. लिहिणं मात्र कायमचं बंद नाही. अंगात त्राण असेल तेवढं सकाळच्या वेळात लिहायचंच. त्याच्या या शिस्तीला काही लोक जाच म्हणतात. पार्टीतून ऐन रंगात उठवून घरी नेणारा नवरा कुणाला आवडेल! मूल होऊ द्यायचं नाही हाही निर्णय डॉक्टरांना विचारून त्यानेच पुढाकार घेऊन केला, आणि व्हनेसाची मुलं बघून तिला ते अधूनमधून टोचायचं. पण हिशेब मांडला तर १९१५ नंतर पंचवीस वर्षं तसा मोठा झटका पुन्हा आला नाही. आजार डोकवायचा, आठवडेच्या आठवडे अंथरूण धरायला लावायचा, पण तिला वाहून नेऊ शकला नाही.

आणि त्या पंचवीस वर्षांत किती काम! १९१७ मध्ये दोघांनी एकोणीस पौंडांना हातावर चालणारं छोटं छपाईयंत्र आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. हाताला काम असलं की डोक्याला विसावा मिळेल, हा त्यामागचा विचार. खिळे जुळवता जुळवता त्यातून नावाजलेली प्रकाशनसंस्था उभी राहिली, तिचं नाव होगार्थ प्रेस. मग आईवडिलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली १९२७ ची ‘टू द लाइटहाउस’, १९२८ ची ‘ऑर्लंडो’, १९२९ चं ते स्वतःच्या खोलीबद्दलचं पुस्तक, १९३१ ची ‘द वेव्ह्ज’. शिवाय शेकडो लेख, रोजनिशी आणि ढीगभर पत्रं. ही सगळी पुस्तकं तिने बावीस वर्षांची असताना ती खिडकीची घटना घडून गेल्यानंतर लिहिली. केंद्रात आलेल्या आयांना मी हे मुद्दाम सांगते, कारण त्यांच्या दृष्टीने मुलीचं आयुष्य त्या दिवशीच संपलेलं असतं. आता हिला कोण करून घेणार, याच्या पुढे त्यांना काही दिसत नाही.

१९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. त्यांची घरं उद्ध्वस्त झाली, छापखाना हलवावा लागला. दोघं रॉडमेल या खेड्यातल्या घरी राहायला गेले. जर्मन सैन्य उतरलं तर ज्यू नवऱ्याचं काय होणार हे उघड होतं. मैत्रिणी दुरावल्या, वाचकच उरला नाही असं तिला वाटायला लागलं. १९४१ च्या सुरुवातीला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. लेनर्डने खुणा ओळखल्या. २७ मार्चला तो तिला ब्रायटनच्या ऑक्टेव्हिया विल्बरफोर्स या डॉक्टर मैत्रिणीकडे घेऊन गेला. ऑक्टेव्हिया आपल्या गोठ्यातलं दूध-साय तिच्यासाठी पाठवायची. तिने तपासलं, धीर दिला. दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, घरापासून जवळच व्हर्जिनियाचा अंत झाला. ती एकोणसाठ वर्षांची होती.

लेनर्ड कमी पडला का, असा प्रश्न तिच्या चाहत्यांमध्ये अजून निघतो. मला तो प्रश्न विचारावासा वाटत नाही. त्याच्या हातात दूध, झोप आणि वही एवढंच होतं. तिच्या डॉक्टरांनी या आजाराला मज्जातंतूंचा थकवा म्हटलं. आज बरेच मनोविकारतज्ज्ञ तो बायपोलर आजार असावा असं मानतात. त्या आजारावर उपयोगी पडणाऱ्या लिथियमचा शोध ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला, म्हणजे ती गेल्यानंतर आठ वर्षांनी. लेनर्ड रॉडमेलच्या त्याच घरात राहिला, तिच्या रोजनिशीतले निवडक भाग त्याने १९५३ मध्ये छापले, आणि १९६९ मध्ये तो वारला. तिची अस्थिरक्षा त्याने घरच्या बागेतल्या एल्म झाडाखाली पुरली होती. ते घर आता लोकांना पाहायला खुलं आहे.